लॅपटॉपला डॉकिंग स्टेशन जोडताना: पोर्ट, वीज आणि जोडणीचा क्रम

मे महिन्यात किंवा गणपतीला कोकणात गावी येणारा चाकरमानी हल्ली ऑफिसचा लॅपटॉप बरोबर आणतोच, आणि ज्याला महिनाभर घरूनच काम करायचे असते तो डॉकिंग स्टेशनही, म्हणजे मॉनिटर, कीबोर्ड, माउस वगैरे एकत्र जोडून लॅपटॉपला लावायचा खोकाही (पुढे नुसते ‘डॉक’), घेऊन येतो. मग दोन दिवसांत तक्रारी सुरू होतात: स्क्रीन येत नाही, चार्जिंग होत नाही, माउस अडकत चालतो. शेजारापाजाऱ्यांकडची अशी बरीच डॉक मी उघडून बसलो आहे आणि त्यांतली बहुतेक निर्दोष निघाली आहेत. चूक झालेली असते ती खरेदीपूर्वी लॅपटॉपचा पोर्ट न तपासल्याची, घरातल्या अर्थिंगकडे दुर्लक्ष केल्याची किंवा सगळ्या वायरी एकाच वेळी खुपसल्याची. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. डॉक आधीच विकत घेतले असले तरी पहिला टप्पा गाळू नये.

टप्पा १: लॅपटॉपचा पोर्ट काय काय करू शकतो, हे शोधणे

बहुतेक डॉक एकाच यूएसबी-सी केबलने लॅपटॉपला जोडले जाते आणि त्या केबलमधून चित्र, चार्जिंग व माहिती या तिन्हींची ये-जा होते. मात्र यूएसबी-सी हे केवळ तोंडाच्या आकाराचे नाव आहे. त्या आकाराच्या पोर्टमधून या तिन्ही गोष्टी जातीलच, असे नाही. दोन लॅपटॉपचे पोर्ट दिसायला तंतोतंत सारखे असून एकातून चित्र बाहेर पडते आणि दुसऱ्यातून फक्त पेन ड्राइव्ह चालतो, हे नेहमी घडते. स्वस्त लॅपटॉपमध्ये तर दोन यूएसबी-सी पोर्टपैकी अनेकदा एकच चित्र देणारा असतो.

पोर्टशेजारची खूण प्रथम पाहावी. विजेच्या बाणाची खूण असेल तर तो बहुधा थंडरबोल्ट, म्हणजे जास्त वेगाचा यूएसबी-सी, पोर्ट असतो आणि त्यातून सगळेच चालते. इंग्रजी डी आणि पी ही अक्षरे गुंफलेले चिन्ह असेल तर डिस्प्लेपोर्टचे चित्र त्यातून बाहेर पडते. बॅटरीचे किंवा पिनेचे चिन्ह चार्जिंग दाखवते. तथापि खूण नाही म्हणून सोय नाही, असा निष्कर्ष काढू नये. अनेक उत्पादक खुणा छापतच नाहीत. खात्रीचा मार्ग एकच आहे. लॅपटॉपच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक, शेवटच्या अक्षरांसह, उतरवून घ्यावा आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावरील तपशीलपत्रात यूएसबी-सी पोर्टपुढे ‘डिस्प्लेपोर्ट’ (चित्रासाठी) आणि ‘पॉवर डिलिव्हरी’ (चार्जिंगसाठी) हे शब्द आहेत का, ते वाचावे. शेवटची अक्षरे गाळू नयेत, कारण एकाच मालिकेतल्या दोन लॅपटॉपचे पोर्ट वेगळे असू शकतात.

तपशीलपत्रात चित्राचा उल्लेख नसेल तर साधे यूएसबी-सी डॉक त्या लॅपटॉपवर स्क्रीन दाखवणार नाही; ते कितीही महागाचे घेतले तरी दाखवणार नाही. अशा लॅपटॉपसाठी, तसेच केवळ जुने चौकोनी यूएसबी पोर्ट असलेल्या लॅपटॉपसाठी, डिस्प्लेलिंक पद्धतीचे डॉक घ्यावे लागते. त्यात चित्र लॅपटॉपच्या प्रोसेसरकडून आवळून साध्या यूएसबी माहितीच्या रूपात पाठवले जाते आणि डॉकमधील चिप ते पुन्हा उलगडते. यासाठी लॅपटॉपवर ड्रायव्हर, म्हणजे डॉक चालवणारे छोटे सॉफ्टवेअर, बसवावाच लागतो. हिशेब, पत्रव्यवहार, ब्राउझर अशा कामांना ही पद्धत चांगली चालते. व्हिडिओ संपादन आणि खेळ यांना ती योग्य नाही.

किती स्क्रीन चालतील, हा पुढचा प्रश्न. यूएसबी-सी केबलमध्ये चार वेगवान मार्गिका असतात. थंडरबोल्ट नसलेल्या साध्या डॉकमध्ये त्यांतल्या दोन चित्राला आणि दोन माहितीला अशी वाटणी सामान्यतः केलेली असते. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने दोन मार्गिकांवरून फुल एचडीच्या दोन स्क्रीन ६० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत, आरामात चालतात. पण ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांची, स्क्रीन एकच लावली तरी ती ३० हर्ट्झवर अडकते, कारण तिला ६० हर्ट्झसाठी लागणारी माहिती तेवढ्या रुंदीत मावत नाही. डॉकच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘४के’ छापलेले असते आणि ३० हर्ट्झ हे बारीक अक्षरात असते. ३० हर्ट्झवर बाण ओढल्यासारखा सरकतो आणि दिवसभराच्या कामाने डोळे शिणतात. ४के स्क्रीन वापरायची असेल तर थंडरबोल्टचे डॉक घ्यावे, किंवा लॅपटॉप आणि डॉक हे दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४ चे आहेत, याची आधी खात्री करावी.

अॅपलच्या लॅपटॉपचा हिशेब निराळा आहे. एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरवर बाहेरची एकच स्क्रीन चालते. एम३ च्या एअरवर झाकण बंद ठेवल्यास दोन चालतात, तर एम४ च्या एअरवर झाकण उघडे ठेवूनही दोन चालतात. शिवाय साधे यूएसबी-सी डॉक एका वाटेने आलेले चित्र दोन स्क्रीनना ज्या पद्धतीने वाटून देते, ती पद्धत मॅकओएस पाळत नाही. दोन्ही स्क्रीनवर तेच ते चित्र दिसते. मुंबईच्या ऑफिसात विंडोजच्या लॅपटॉपवर दोन स्क्रीन चालवणारे डॉक घरच्या मॅकवर एकच चालवते, त्याचे कारण हे आहे. त्यात डॉकचा दोष नाही.

तपासा: पोर्टमधून चित्र जाते की नाही, चार्जिंग होते की नाही, आणि किती स्क्रीन कोणत्या रिझोल्यूशनच्या चालतील, या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून मगच डॉक मागवावे.

टप्पा २: वॅटचा हिशेब आणि केबल

लॅपटॉपच्या मूळ चार्जरवरील बारीक अक्षरे वाचावीत. तेथे ‘आउटपुट’पुढे व्होल्ट आणि अँपिअर दिलेले असतात, त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर असेल तर चार्जर ६५ वॅटचा आहे. डॉककडून लॅपटॉपला किमान तेवढे वॅट मिळाले पाहिजेत. येथे फसगत होते ती अशी, की डॉकच्या स्वतःच्या अडॅप्टरवर १०० वॅट लिहिलेले असते आणि घेणारा ते सगळे लॅपटॉपचे समजतो. डॉक त्यातले काही वॅट स्वतःसाठी आणि आपल्या यूएसबी पोर्टांसाठी राखून ठेवते. म्हणून तपशीलपत्रात लॅपटॉपला मिळणारा वेगळा आकडा शोधावा. वॅट कमी पडले तर विंडोज चार्जर मंद असल्याचा इशारा देते, बॅटरी हळूहळू उतरत जाते आणि काही लॅपटॉप प्रोसेसरचा वेगही कमी करतात.

वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या जड लॅपटॉपना २०० वॅटच्या आसपासचा चार्जर असतो. त्यांना त्यांचा मूळ चार्जर लावूनच ठेवावा आणि डॉकचा उपयोग स्क्रीन व इतर जोडण्यांपुरता करावा.

केबलबाबत मात्र अधिक सावध राहावे, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया जातो. मोबाइलबरोबर येणारी यूएसबी-सी केबल दिसायला डॉकच्या केबलसारखीच असते. पण तिच्यात बहुधा चार्जिंगच्या आणि यूएसबी २ च्या तारांखेरीज काही नसते, आणि वेगवान मार्गिकांच्या तारा नसल्यामुळे चित्र जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ६० वॅटपेक्षा अधिक वीज न्यायची तर केबल ५ अँपिअरची आणि आत ओळख देणारी चिप असलेली हवी. ती नसेल तर डॉक मुकाट्याने ६० वॅटवर थांबते. मी स्वतः एक डॉक सदोष म्हणून कुरिअरने मुंबईच्या दुकानात परत पाठवले होते. पंधरा दिवसांनी ते ‘दोष आढळला नाही’ अशा चिठ्ठीसह परतले आणि त्यानंतर माझ्या लक्षात आले, की घरातल्या कोणीतरी मोबाइल चार्ज करायला डॉकची केबल नेऊन तिच्या जागी मोबाइलची ठेवली होती.

सावधान: डॉकबरोबर आलेल्या केबलच्या दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी गुंडाळावी आणि ती केबल दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू देऊ नये. लांब केबल हवी म्हणून मध्ये जोड देऊन वाढवू नये.

टप्पा ३: जागा, अर्थिंग आणि पावसाळा

हा टप्पा डॉकच्या माहितीपत्रकात नसतो. किनाऱ्यावरच्या घरात मात्र तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

डॉक जोडल्यावर लॅपटॉपच्या धातूच्या कडेला मनगट लागताच झिणझिण्या आल्या, तर याचा अर्थ बहुधा त्या खोलीतल्या प्लगला अर्थिंग पोचत नाही. अडॅप्टरमध्ये विजेचा गोंगाट गाळण्यासाठी बारीक कॅपॅसिटर असतात आणि त्यांतून अगदी थोडा प्रवाह धातूच्या भागापर्यंत झिरपत असतो. अर्थिंग चांगले असेल तर तो तिसऱ्या पिनेतून जमिनीत निघून जातो. नसेल तर स्पर्श करणारा माणूस हीच त्याची वाट होते. हा प्रवाह सहसा धोकादायक नसतो, पण डॉकला एचडीएमआय केबलने मॉनिटर आणि लॅन केबलने राउटर जोडलेला असताना असा भटका प्रवाह पोर्टांमधून वाहतो आणि स्क्रीन लुकलुकणे, कॉलवर आवाजात घरघर येणे, असे प्रकार सुरू होतात.

सड्यावरच्या आणि कातळावरच्या घरांत ही अडचण विशेष दिसते. जांभ्यात खड्डा खोल नेता येत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये माती कोरडी ठणठणीत झाली, की पावसाळ्यात उत्तम चालणारे अर्थिंग निकामी होते. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून एकदोनदा पाणी ओतावे. डॉक लावण्यापूर्वी वायरमनला बोलावून प्लगमधील फेज आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज मोजून घ्यावे: ते फेज आणि न्यूट्रल यांच्यातील व्होल्टेजच्या, म्हणजे सुमारे २३० व्होल्टच्या, जवळ असले पाहिजे, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात जेमतेम काही व्होल्टच दिसले पाहिजेत. हे मोजमाप स्वतः करू नये.

सावधान: तीन पिनांच्या अडॅप्टरला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावून चालवू नये. तसे करून आपण अर्थिंगची वाट स्वतःच्या हाताने तोडतो.

डॉक, मॉनिटर आणि त्यांना जोडलेला प्रिंटर ही सगळी मंडळी एकाच बोर्डावर घ्यावीत, म्हणजे त्यांचे अर्थ एक राहील. डॉक माजघरातल्या प्लगवर आणि मॉनिटर पडवीतून ओढलेल्या वायरवर, अशी मांडणी टाळावी. विजेच्या भाराची चिंता नको. ६ अँपिअरच्या प्लगमधून २३० व्होल्टला सुमारे १३८० वॅट घेता येतात आणि हे सगळे मिळून क्वचितच ३०० वॅटच्या पुढे जाते. फक्त त्याच बोर्डावर इस्त्री किंवा पाण्याचा पंप नसावा.

विजा चमकण्याचा काळ येथे दोनदा येतो: मेअखेरीस वळवाच्या सरींबरोबर आणि ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाबरोबर. सर्ज प्रोटेक्टरचा, म्हणजे विजेचा झटका अडवणारा, बोर्ड उपयोगी असतो, पण जवळ वीज पडली तर तो पुरा पडत नाही. गडगडाट दूर असतानाच काम जतन करून लॅपटॉपची केबल काढावी, नंतर डॉकच्या अडॅप्टरची पिन भिंतीतून उपटावी. केवळ खटका बंद करणे पुरेसे नाही. लॅन केबलही काढावी. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, म्हणून अनेकजण निर्धास्त असतात. परंतु फायबरच्या मोडेमला वीज देणारा अडॅप्टर भिंतीतच असतो आणि तेथून आलेला झटका लॅन केबलमार्गे थेट डॉकमध्ये शिरतो.

वीज जाणे हा तर रोजचा प्रश्न. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या अनेक गावांत कित्येक दिवस अंधार होता. तशा प्रसंगासाठी घेतलेला इन्व्हर्टर डॉकला चालेल का, असे विचारले जाते. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर चालेल. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अडॅप्टर तापतात आणि गुणगुणतात, तेव्हा तो पंखे आणि दिव्यांसाठीच ठेवावा. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचा खटका असल्यास तो चालू करावा, कारण साध्या मोडमध्ये बदल होण्यास लागणारा क्षण डॉकला बंद पाडण्यास पुरेसा असतो. वीज जाताच लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालू राहतो, पण डॉक बंद पडल्याने त्याला जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क लिहिता लिहिता तुटते आणि फायली बिघडतात. इन्व्हर्टर नसेल तर निदान हार्ड डिस्क डॉकला न जोडता थेट लॅपटॉपला जोडावी.

जागेविषयी थोडक्यात. समुद्राकडच्या खिडकीशी डॉक ठेवू नये. खाऱ्या, दमट हवेने पोर्टमधील पितळ्या हिरवट होतात आणि पावसाची झड आली की टेबल भिजते. डॉक चालू असताना कोमट राहते, ते स्वाभाविक आहे. त्यावर कापड किंवा प्लॅस्टिक टाकू नये. वापरात नसलेल्या पोर्टांना रबरी टोप्या लावाव्यात, कारण उबेच्या शोधात मुंग्या आत शिरतात आणि एकदा घर केले की डॉक उघडल्याशिवाय निघत नाहीत. घर महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर डॉक सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. पोर्टला गंज नको म्हणून तेल किंवा व्हॅसलीन लावणारे लोक मी पाहिले आहेत. कृपया तसे करू नये.

टप्पा ४: सॉफ्टवेअर आधी अद्ययावत करणे

डॉक जोडण्यापूर्वी लॅपटॉप त्याच्या मूळ चार्जरवर ठेवून अद्ययावतीकरण उरकावे. क्रम असा: प्रथम लॅपटॉपचे बायोस (लॅपटॉप सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर), नंतर ग्राफिक्स आणि थंडरबोल्टचे ड्रायव्हर, आणि डॉक डिस्प्लेलिंकचे असेल तर त्याचा ड्रायव्हर. डॉकचे फर्मवेअर (डॉकच्या आतले सॉफ्टवेअर) सर्वांत शेवटी, जोडणी पूर्ण झाल्यावर करावे. ऑफिसच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर बसवण्याची परवानगी बहुधा नसते. डिस्प्लेलिंकचे डॉक घेण्यापूर्वीच आयटी विभागाला विचारून घ्यावे, नाहीतर गावी पोचल्यावर हात बांधले जातात.

सावधान: बायोस किंवा फर्मवेअर बदलत असताना वीज गेली किंवा केबल निघाली तर यंत्र कायमचे बंद पडू शकते. लॅपटॉपची बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असावी, डॉक इन्व्हर्टरवर असावे, आणि वाऱ्यापावसाच्या दिवशी हे काम काढूच नये.

टप्पा ५: पहिली जोडणी

सगळ्या वायरी एकदम जोडल्या आणि काही चालले नाही, तर दोष आठ ठिकाणी शोधावा लागतो. म्हणून पहिल्या वेळी एकेक वस्तू जोडावी आणि प्रत्येकीनंतर थांबून पाहावे.

१. डॉकचा अडॅप्टर प्रथम डॉकमध्ये, मग भिंतीत लावावा आणि खटका चालू करावा. डॉकवर दिवा लागला पाहिजे. काही डॉकना स्वतःचे बटण असते.

२. एकच मॉनिटर डॉकला जोडावा. मॉनिटर चालू करून त्याच्या मेनूमधून योग्य इनपुट निवडावे. केबल एचडीएमआय २ मध्ये आणि मॉनिटर एचडीएमआय १ वर, या चुकीने अनेकांची संध्याकाळ गेली आहे.

३. लॅपटॉप चालू करून पासवर्ड टाकून आत जावे, मगच डॉकची केबल लॅपटॉपमध्ये, टप्पा १ मध्ये निश्चित केलेल्या पोर्टमध्ये, सरळ आणि पूर्ण आत बसवावी. पहिल्या वेळी ओळख पटण्यास अर्धा मिनिट लागू शकते. तेवढ्यात घाईने केबल काढू-घालू नये. थंडरबोल्टचे डॉक असेल, किंवा अलीकडचा मॅक असेल, तर परवानगी विचारणारी चौकट येते. तिला ‘नाही’ म्हटल्यास डॉकला जोडलेल्या यूएसबी वस्तू चालत नाहीत.

४. चार्जिंगची खूण दिसते का, मॉनिटरवर चित्र आले का, हे पाहावे. दोन्ही होईपर्यंत पुढे जाऊ नये.

५. कीबोर्ड आणि माउस जोडावेत. बिनतारी माउसचा चिमुकला रिसीव्हर डॉकच्या मागच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टांच्या शेजारी लावू नये. यूएसबी ३ च्या केबल आणि हार्ड डिस्क जो रेडिओ गोंगाट सोडतात, तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच येतो आणि माउस अडखळू लागतो. रिसीव्हर डॉकच्या पुढच्या बाजूस किंवा छोट्या यूएसबी वायरने अर्धा हात लांब आणून लावला, की ही तक्रार बहुतेक वेळा मिटते.

६. त्यानंतर लॅन केबल, मग दुसरा मॉनिटर, मग प्रिंटर आणि हार्ड डिस्क, प्रत्येकी थोड्या अंतराने. जीएसटी किंवा निविदांसाठी लागणारे डिजिटल सहीचे टोकन डॉकमधून ओळखले गेले नाही, तर ते थेट लॅपटॉपला लावावे. त्यासाठी तासभर झटापट करण्यात अर्थ नाही.

तपासा: सगळे जोडून झाल्यावर लॅपटॉप एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. रीस्टार्टनंतरही सर्व वस्तू आपोआप आल्या, तरच जोडणी पूर्ण झाली असे समजावे.

टप्पा ६: स्क्रीनची मांडणी आणि आवाज

विंडोजमध्ये डेस्कटॉपवर उजवी क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्ज उघडाव्यात. टेबलावर मॉनिटर ज्या बाजूला आहे, त्याच बाजूला त्याची चौकट ओढून ठेवावी; हे न केल्यास बाण उजवीकडे नेला की तो भिंतीला आपटल्यासारखा थांबतो आणि मॉनिटर बंद असल्याचा भास होतो. ‘एक्स्टेंड’ निवडावे, ‘डुप्लिकेट’ नव्हे. विंडोज की आणि पी एकत्र दाबूनही हा पर्याय मिळतो. नंतर अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन प्रत्येक स्क्रीनचे हर्ट्झ वाचावेत. तेथे ३० दिसले आणि ६० चा पर्यायच नसला, तर मध्ये जुनी एचडीएमआय केबल किंवा स्वस्त अडॅप्टर आहे का, ते पाहावे, कारण एचडीएमआय १.४ वरून ४के चित्र ३० हर्ट्झनेच जाते.

मॉनिटर जोडताच आवाज अनेकदा मॉनिटरकडे वळतो, मग त्याला स्पीकर असो वा नसो. मीटिंगपूर्वी आवाजाच्या खुणेवर जाऊन आपला हेडफोन किंवा लॅपटॉप निवडावा.

टप्पा ७: झाकण बंद ठेवून काम करणे

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण बंद केल्यावर काय व्हावे, याचा पर्याय असतो. तेथे ‘प्लग्ड इन’च्या रकान्यात ‘डू नथिंग’ निवडावे आणि बॅटरीच्या रकान्यात ‘स्लीप’ तसेच राहू द्यावे. दोन्ही रकाने बदलणाऱ्याचा लॅपटॉप पिशवीत चालूच राहतो आणि एसटीतून उतरेपर्यंत तापून बॅटरी संपलेली असते. मॅकला झाकण बंद ठेवण्यासाठी वीज, बाहेरचा कीबोर्ड आणि माउस हे सगळे लागते.

मे महिन्याच्या उकाड्यात मात्र झाकण बंद ठेवण्याचा हट्ट धरू नये. अनेक लॅपटॉप कीबोर्डमधूनही गरम हवा सोडतात. एक तर झाकण अर्धे उघडे ठेवावे किंवा लॅपटॉप उभा धरणाऱ्या स्टँडवर ठेवावा.

टप्पा ८: रोज काढणे आणि लावणे

बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर आधी ती ‘इजेक्ट’ करावी. मग केबल टोकाला धरून सरळ ओढावी. तारेला धरून तिरपी ओढल्याने पोर्ट ढिला पडतो, आणि ढिल्या पोर्टची दुरुस्ती बहुधा मदरबोर्डापर्यंत जाते. डॉक काढल्यावर एखादी खिडकी नाहीशी झालेल्या स्क्रीनवर अडकून राहिली, तर ती निवडून विंडोज की, शिफ्ट आणि डावा बाण एकत्र दाबावेत.

टप्पा ९: बिघाड शोधण्याचा क्रम

स्क्रीन अचानक येईनाशी झाली, तर ड्रायव्हर खालीवर करण्याआधी डॉक पूर्ण निर्जीव करावे. लॅपटॉप बंद करून केबल काढावी, डॉकचा अडॅप्टर भिंतीतून काढावा, डॉकला बटण असल्यास ते १५ ते २० सेकंद दाबून धरावे आणि दोन मिनिटांनी टप्पा ५ मधील क्रमाने पुन्हा जोडावे. कमीजास्त व्होल्टेजमुळे गोंधळलेले डॉक एवढ्याने बऱ्याचदा ताळ्यावर येते.

चित्र लुकलुकत असेल तर प्रथम मॉनिटरची केबल बदलून पाहावी, मग बोर्ड बदलावा, आणि तेवढ्यानेही न थांबल्यास अर्थिंगकडे परत यावे.

लॅन जोडूनही वेग वाय-फायपेक्षा कमी वाटला, तर नेटवर्क सेटिंग्जमध्ये जोडणीचा वेग वाचावा. तेथे १००० ऐवजी १०० मेगाबिट दिसले तर दोष बहुधा तारेत आहे: गिगाबिटला केबलमधील आठही तारा लागतात, तर १०० मेगाबिटला चारच पुरतात. किनाऱ्यावर लॅनच्या पिनेतील एखादी तार खाऱ्या हवेने खराब होते आणि जोडणी निमूटपणे खालच्या वेगावर उतरते. नवी पिन चढवून घेतली की काम होते.

लॅपटॉप झोपेतून उठल्यावर कीबोर्ड-माउस चालत नसतील, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधील वीज वाचवण्यासाठी हब बंद करण्याच्या पर्यायावरची खूण काढावी.

पोर्टवर हिरवट थर दिसला, तर सगळी वीज काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित बुडवलेल्या मऊ ब्रशने तो पुसावा आणि पूर्ण वाळल्यावरच, म्हणजे पावसाळ्यात अर्ध्या दिवसाने, पुन्हा जोडावे.

वॉरंटीत देण्यापूर्वी डॉक दुसऱ्या लॅपटॉपवर, आणि आपला लॅपटॉप त्याच केबलने दुसऱ्या डॉकवर, चालवून पाहावा. दुसऱ्या लॅपटॉपवरही तोच दोष आला, तरच डॉक पाठवावे. पाठवताना मूळ अडॅप्टर आणि लाल पट्टीची केबल खोक्यातच घालावी, कारण त्यांच्याशिवाय आलेले डॉक दुकानदार आपल्या केबलने तपासतो आणि ते त्याच्याकडे व्यवस्थित चालते.